काजवा न घेणारा माणूस

इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकच्या यतीन सबनीसला जगात दोनच प्रकारची माणसं दिसत. काजवा घेणारी आणि काजवा न घेणारी. दुसऱ्या प्रकारात तो स्वतः होता. आणखी कोणी आहे का, असं विचारलं तर तो नुसता खांदे उडवायचा.

आता हा काजवा म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. 'लॅम्पलायटर' नावाचा एक व्हिडिओ गेम आहे, हातात धरून खेळायचा. त्याचे भागामागून भाग निघताहेत, आता नववा आला. पडद्यावर एक अंधारी गल्ली येते. एका कोपऱ्यात कंदील, नाक्यानाक्यावर आरसे. आरसे फिरवून फिरवून कंदिलाचा उजेड गल्लीतल्या प्रत्येक खिडकीपर्यंत न्यायचा. सगळ्या खिडक्या उजळल्या की लेव्हल सुटली. पहिल्या तीन भागांत तुम्ही अडलात तर अडलात, काळं कुत्रं विचारायचं नाही. चौथ्या भागापासून कंपनीला लोकांची दया आली. बराच वेळ चाचपडलात की कोपऱ्यात एक काजवा लुकलुकायला लागतो. त्याला बोट लावलं की तो उडून नेमक्या आरशावर जाऊन बसतो. पुन्हा बोट लावा, पुढच्या आरशावर. असं करत तो अख्खी वाट दाखवून देतो. मानवजातीचा ऱ्हास तिथून सुरू झाला, असं यतीनचं ठाम मत होतं.

आणि हे मत गेमपुरतं राहिलं असतं तर त्याच्यावर कोणी चार शब्द खर्च केले नसते. पण हा दीडशहाणा काजवा सगळीकडे शोधत हिंडायचा. गाडीत रस्ता सांगणारं सॅटनॅव्ह लावणारा काजवेवाला. फोनवर बघून पुरणपोळी करणारी काजवेवाली. मेडनहेडचा मिलिंद, त्याचा कॉलेजपासूनचा मित्र, घरापासून टेस्कोच्या दुकानापर्यंत सॅटनॅव्ह लावून जातो, म्हणून त्याच्या अकलेचे वाभाडे यतीन दर भेटीत काढायचा. स्वतः मात्र लेक डिस्ट्रिक्टला जाताना रस्ता न विचारता सगळ्यांना भलत्याच गावी घेऊन गेला, आणि तिथे उतरून म्हणाला, "हेही बघण्यासारखंच आहे." बेडरूममधलं कपाट त्याने सोबतचा कागद न उघडता जोडलं. त्याचं डावं दार आजतागायत उघडत नाही. सुचेता, म्हणजे त्याची बायको, उजव्या दारातून खांद्यापर्यंत हात घालून डावीकडच्या साड्या ओढून काढते. "डिझाइनच चुकीचं आहे," यतीन म्हणतो. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

नोकरीतही तेच. पुण्याहून आला तेव्हा सोबतच्या पोरांमध्ये हाच हुशार होता, हे खरंच आहे, नाकारून चालणार नाही. पण मीटिंगमध्ये प्रश्न विचारणं म्हणजे आपलं अज्ञान चव्हाट्यावर मांडणं, असं याचं तत्त्वज्ञान. ज्यांनी विचारलं ते शिकले, वर गेले, त्यातला एक तर आता याचाच मॅनेजर आहे. यतीन त्याला घरी 'तो प्रश्नोत्तरे' म्हणतो. विमा कंपनीच्या त्या बिझनेस पार्कमध्ये तो रोज डबा उघडतो, एकटाच जेवतो आणि जेवताना लॅम्पलायटर खेळतो. सहकाऱ्यांशी बोलण्यासारखं त्याला काही सापडत नाही. त्यांनाही आता सापडत नाही.

त्याला ईशिता नावाची एकुलती एक मुलगी आहे. इथेच जन्मली, इथेच वाढली. मराठी बोलते, पण लिंगांचा गोंधळ घालत, बिनधास्त. लहानपणी बापलेक सोफ्यावर एकमेकांना चिकटून हा गेम खेळायचे. कंदील हिचा, आरसे त्याचे. घरात त्या दोघांचं जे काही गूळपीठ होतं ते तेवढंच. ती आठ वर्षांची असताना एका रविवारी घरी माणसं जेवायला आली होती. पोरगी कोपऱ्यात खेळत बसली होती, अडली, आणि तिने हळूच काजव्याला बोट लावलं. यतीनने ते पाहिलं. तिच्या हातातून गेम काढून घेतला आणि सगळ्यांना दाखवत म्हणाला, "बघा, आमची काजवेवाली! डोकं आईवर गेलंय." सगळे हसले. पोरगी पण हसली, आणि मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ बसली.

यतीनला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडची रीतच आहे ती. स्वतःच्या पोराचं चार लोकांत कौतुक करायचं नाही. दृष्ट लागते, पोर शेफारतं. कोणी "हुशार आहे हो तुमची" म्हणालं की लगेच "कसली हुशार, येडं आहे आमचं" असं म्हणून टाकायचं, म्हणजे सगळं रीतसर झालं. यतीन बोर्डात आला तेव्हा त्याच्या वडिलांनी पेढे आणायला जाता जाता विचारलं होतं, "वरच्यांनी काय निराळी पुस्तकं वाचली होती का?" त्यामुळे पोरीला आयुष्यात एकदाही बरं म्हणायचं नाही, हा यतीनच्या लेखी उत्तम बापाचा कारभार होता. मूर्ख माणूस.

ईशिता मोठी झाली आणि गिल्डफर्डला एका स्टुडिओत गेम बनवायच्या कामाला लागली. "हा जॉब आहे की टाइमपास?" एवढं एकच वाक्य यतीन त्या दिवशी बोलला. त्यानंतर तिचं येणं सणासुदीपुरतं उरलं. गेल्या दिवाळीला तर "तुमच्या ऑफिसात मोठी माणसं पण आहेत का, की सगळी पोरंटोरंच?" असं त्याने विचारलं, आणि ती चकलीचा घास ताटात ठेवून पहिल्या ट्रेनने परत गेली.

आणि मग जानेवारीत तिचा फोन आला. लॅम्पलायटरचा नववा भाग तिच्याच स्टुडिओने केला होता.

"बाबा, माझा एक लेव्हल आहे त्यात," ती म्हणाली. "कुठला ते नाही सांगणार. तुम्ही पूर्ण खेळा, अँड देन टेल मी, कुठले चांगले आहेत. खरं सांगा. पाडव्याला येते मी."

फोन ठेवल्यावर सुचेता कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "यतीन, एक ऐकून ठेव. पोरगी तुझ्याकडे एक शब्द मागतेय, एक चांगला शब्द. या वेळी वाकडं बोललास तर ती पुन्हा यायची नाही. आणि मी तिला ये म्हणायची नाही."

"मी खोटं बोलू का मग?"

"तुला खरं तरी कुठं बोलता येतं रे!" सुचेता म्हणाली आणि वर निघून गेली.

यतीन खेळायला बसला. मनातून त्याला पोरीची लेव्हल ओळखायची होती, आवडायलाही हवी होती, पण ते त्याने स्वतःलासुद्धा कळू दिलं नसतं. पहिल्या काही लेव्हल चुटकीसरशी सुटल्या आणि त्याच्या नाकपुड्या फुगल्या. "बालवाडी आहे बालवाडी." मग एक लेव्हल आली, तिच्यात गल्लीच्या फरशीवर ठिपक्यांची रांगोळी होती आणि आरसे ठिपक्यांवर मांडलेले. यतीनने कपाळावर हात मारला. ही नक्की आपल्या कार्टीची! गोऱ्यांना दाखवायला घरची रांगोळी नेऊन ठेवली, आणि डोकं? डोकं शून्य. एखाद्या मराठी मुलीने रांगोळी सोडून दुसरं काही केलं असेल, हे त्याच्या मनातही आलं नाही.

त्यापुढे बंदराची लेव्हल आली आणि यतीन अडला. बोटी, चर्चचा मनोरा, बेकरी, धक्क्यावरच्या खिडक्या. आरसे मोजकेच, आणि कसेही फिरवले तरी शेवटची खिडकी काळी ती काळीच. आठवडा गेला, दुसरा गेला. डबा खाताना तीच, ट्रेनमध्ये तीच. ही कोणा मुरलेल्या माणसाची करामत आहे, हे मात्र त्याने मान्य केलं. मिलिंदला फोनवर म्हणालासुद्धा, "एक लेव्हल आहे बंदराची. करणाऱ्याला दंडवत. पहिल्या तीन भागांतला कोणी म्हातारा उस्ताद परत आणला असणार."

"सुटली का?" मिलिंदने विचारलं.

"म्हणजे काय!" यतीन म्हणाला. सुटली नव्हती.

पाडवा जवळ आला. ईशिता येणार, मिलिंद येणार, दोघंही विचारणार. एका शनिवारी सुचेता बाजारात गेलेली असताना यतीन खालच्या टॉयलेटमध्ये जाऊन बसला. घरात दुसरं कोणी नव्हतं, तरी त्याने आतून कडी लावली. चोराच्या मनात चांदणं! आणि सगळ्या जगाला काजवेवाला म्हणणाऱ्या या महापुरुषाने कमोडवर बसून काजव्याला बोट लावलं. काजवा चर्चच्या मनोऱ्यावर गेला. तिथून बेकरीवर, तिथून मागच्या गल्लीत, मोठा वळसा घालून धक्क्यावर. शेवटची खिडकी उजळली. यतीनने कपाळावरचा घाम पुसला, फ्लश ओढला आणि बाहेर येऊन चहा टाकला. तो चहा पिऊन होईपर्यंत, ती वाट आपल्यालाही सुचलीच असती, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. वाट मात्र पाठ करून ठेवली.

पाडवा त्या वर्षी आठवड्याच्या मधल्या वारी आला, म्हणून इथल्या रिवाजाप्रमाणे जेवण शनिवारी. गुढी मात्र पाडव्याच्याच दिवशी उभारून झाली होती. मिलिंद आणि त्याची बायको मधुमती मेडनहेडहून आले, अर्थात सॅटनॅव्ह लावून. ईशिता दुपारच्या ट्रेनने आली. ग्रीक योगर्टचं श्रीखंड, पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात. यतीन जेवताना गप्प होता. सुचेताला वाटलं, सुधारला. ईशिता दोनदा त्याच्याकडे बघून गेली, पण तिने विचारलं नाही. ती वाट बघत होती.

जेवण झालं आणि मिलिंद सोफ्यावर पसरत म्हणाला, "चल, आमच्या ईशिताचा गेम दाखव. मोठी माणसं झालीत आता तुमच्या घरात."

झालं! कोणी कौतुक केलं की ते धुऊन काढायचं, ही बापाची ड्युटी. यतीनने गेम टीव्हीला जोडला आणि म्हणाला, "बघा तर खरं, आमच्या येडीने काय दिवे लावलेत."

"यतीन," सुचेता म्हणाली. त्याने ऐकलं नाही.

टीव्हीवर रांगोळीची लेव्हल आली. "ही बघा. ठिपके जोडा आणि घरी जा! हिच्यात डोकं कुठे लागतं? शेंबडं पोर सोडवेल. पण रांगोळी घातली की झालं, गोरे लोक म्हणणार, हाऊ लव्हली." मिलिंद हसला. मधुमतीने "अहो, छान आहे की," म्हणून पाहिलं. ईशिता श्रीखंडाची वाटी हातात धरून बसली होती. तिची मान लालसर झाली.

"आणि आता हे बघा, खरं डोकं कशाला म्हणतात." यतीनने बंदर काढलं. "हे आमच्या कन्येने समोर ठेवून शिकावं. ज्याने केलंय ना, त्या उस्तादाने आयुष्य घातलंय या खेळात. बघत राहा." आणि तो आरसे फिरवायला लागला. मनोरा. बेकरी. मागची गल्ली.

ईशिताने वाटी खाली ठेवली. टीव्हीकडे सगळेच बघत होते. ती बापाच्या बोटांकडे बघत होती.

शेवटची खिडकी उजळली. मधुमतीने टाळ्या वाजवल्या. मिलिंद डोळे बारीक करून म्हणाला, "लेका, काजवा घेतलास ना?"

"मी?" यतीनचा आवाज नको तेवढा चढला. खाई त्याला खवखवे. "मी आणि काजवा? उभ्या जन्मात नाही. या पोरीला विचार. लहानपणापासून बघतेय ती."

सगळे ईशिताकडे वळले.

"नाही, मिलिंदकाका," ती म्हणाली. "बाबा कधीच नाही घेत काजवा." मग तिने समोरच्या वाट्या एकात एक घातल्या आणि आत निघून गेली.

तिचा थंडपणा यतीनला टोचला. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. थोड्या वेळाने, पुऱ्यांचं रिकामं ताट उचलायचं निमित्त करून, तो तिच्या मागे स्वयंपाकघरात गेला. ती नळाखाली वाट्या विसळत होती.

"रागावलीस की काय? रांगोळीचं एवढं मनावर घ्यायचं नाही."

"रांगोळी माझा नाहीच आहे, बाबा. आमच्या ऑफिसातल्या गॅरेथचा आहे. वेल्सचा आहे तो."

यतीनच्या हातातलं ताट हातातच राहिलं. "मग तुझी कुठली?"

"बंदर."

त्याला आधी हायसं वाटलं, इतका तो निर्बुद्ध. "अगं मग! मी तर तिची स्तुतीच केली! उस्ताद म्हणालो मी."

"हो. मला शिकवायला." तिने नळ बंद केला. "बाबा, ती चर्चवरून जाणारी वाट फक्त काजवा दाखवतो."

यतीन ताटातल्या पुऱ्यांच्या चुऱ्याकडे बघायला लागला.

"खरी वाट वेगळी आहे," ती म्हणाली. "वी टेस्टेड इट, किती लोकांवर. कोणाला खरी सापडते, कोणी अडकतात. चर्चवरून आपलं आपण एकही माणूस गेला नाही. मी मुद्दाम तसा केला. अडकलेल्या माणसाला लांबची वाट द्यायची, म्हणजे तो पुढे जातो आणि खरी मजा संपत नाही. नंतर कधीतरी परत येऊन शोधता येते त्याला. काजवा घेतला म्हणून त्याच्याकडून सगळंच काढून नाही घ्यायचं."

यतीनने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. नियमात बसत नाही, डिझाइन चुकीचं आहे, असलंच काहीतरी जिभेवर येत होतं. पण ते त्याचं त्यालाच इतकं भिकार वाटलं की त्याने गिळलं.

"मग बाहेर खोटं का बोललीस?" शेवटी त्याने विचारलं.

"कारण चार लोक बसले होते," ईशिता म्हणाली. "आपल्या माणसाला असं लोकांसमोर छोटं नाही करायचं. कसं वाटतं ते मला माहीत आहे, बाबा. आठ वर्षांची असल्यापासून." तिने हात पुसले. "मी सहाची ट्रेन घेते. आईला सांगते."

ती बाहेर गेली. यतीन ताट धरून तिथेच उभा राहिला. आयुष्यभर लोकांना तुच्छ लेखण्यात पटाईत झालेला हा माणूस, पण स्वतःला तसं लेखायची सवय नव्हती, त्यामुळे ते फारच झोंबलं. बाहेर ईशिता सुचेताला काहीतरी सांगत होती आणि सुचेता "एवढ्यात?" म्हणत होती. नंतर सुचेताचा आवाज आलाच नाही. ती तिला थांब म्हणत नव्हती. म्हणणार नाही, असं तिने आधीच सांगून ठेवलं होतं.

यतीन ताट तसंच घेऊन हॉलमध्ये आला. मिलिंद अजून टीव्हीसमोर होता. "काय रे," तो म्हणाला, "एवढा वळसा घालून जायचं? तुझा उस्ताद जरा येडाच दिसतोय. दुसरी जवळची वाट असणार की."

उत्तर देणं सोपं होतं. "तुझ्यासारख्याला नाही कळायचं," एवढं म्हटलं की मिलिंद गप्प बसला असता, गेली तीस वर्षं बसतच आला होता. ईशिता जिन्यापाशी कोट घालत होती.

"आहे दुसरी वाट," यतीन म्हणाला. "मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे सुटली नाही मला ही लेव्हल. मी काजवा घेतला. टॉयलेटमध्ये बसून घेतला." त्याचे कान लाल झाले होते आणि तो कोणाकडेही बघत नव्हता. "ही ईशिताने केलीय. रांगोळी तिची नाही, ही तिची. मला वाटलं म्हाताऱ्या उस्तादाची आहे. मी महिनाभर डोकं आपटलं, मला नाही सुटली."

मग मिलिंद जो हसायला लागला, तो थांबेचना. उशी पोटाशी धरून हसला, डोळे पुसून हसला, "टॉयलेटमध्ये!" म्हणून पुन्हा हसला. मधुमतीने त्याला चिमटा काढला तरी हसला. हे आता मेडनहेडपासून हॅरोपर्यंतच्या सगळ्या मराठी घरांत जाणार होतं, आणि यतीनला ते पक्कं ठाऊक होतं. त्याने ताट टीपॉयवर ठेवलं, गेम उचलला आणि जिन्यापाशी गेला. ईशिताची एक बाही घालून झाली होती, दुसरी लोंबत होती.

त्याने गेम तिच्यापुढे धरला. "दाखव," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग ती तशीच, अर्धा कोट अंगात, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली आणि थोडी सरकली. यतीन गुडघे कुरकुरवत शेजारी बसला. तिने सगळे आरसे मूळ जागी नेले, आणि एकच आरसा खाली झुकवला. उजेड बोटींच्या मधोमध पाण्यावर पडला, पाण्यावरून उसळला आणि धक्क्यावरच्या सगळ्या खिडक्या एकदम उजळल्या.

"हात्तिच्या!" यतीनच्या तोंडून निघालं. "पाणी! आठ भागांत पाणी नुसतं चित्र होतं गं."

"माहीत आहे," ईशिता म्हणाली.

तो पडद्याकडे बघत राहिला. हॉलमधून मिलिंदचं हसू अजून ऐकू येत होतं. 'ठीक आहे', 'वाईट नाही', 'थोडं सोपंच होतं', हे सगळे शब्द यतीनच्या तोंडाशी येऊन गेले.

"परत एकदा दाखव," तो म्हणाला.